ओले आले आणि कोरडी सुंठ : आपल्या काढ्याची जुनी गोष्ट



चातुर्मास लागला की आमच्या घरात सुंठीची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर येते. पावसाने घरात कुणाचा ना कुणाचा घसा धरतोच. मग दिवस मावळायच्या आत चुलीवर काढा उकळतो आणि घरभर तो तिखट-गोड वास पसरतो. माहेरी आजी करायची, सासरी आत्याबाई करायच्या, आता मी करते. पण हा काढा सुंठीचाच का, आल्याचा का नाही, हे मी कधी नीट विचारलेच नव्हते.

गेल्या चातुर्मासात ते विचारायची वेळ लेकीने आणली. ती पुण्याला वसतिगृहात राहून शिकते. पावसात भिजून घसा बसला होता. खोलीतल्या मैत्रिणीने प्रेमाने आले-मध घालून गरम पाणी करून दिले. लेक ते प्यायली नाही. मैत्रिणीला वाईट वाटले. रात्री मला फोन आला.

"आई, मला एक सांग. आले चालत नाही आणि सुंठ चालते. सुंठ म्हणजे वाळवलेले आलेच ना? मग ही स्वतःचीच फसवणूक नाही का? मी तिला काय सांगू?"

मी म्हणाले, "आपल्यात तसंच असतं गं."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "बरं"ने मला रात्रभर झोप लागली नाही. तिच्या वयाची असताना मीही आईला हेच विचारले होते आणि आईनेही हेच उत्तर दिले होते. असे उत्तर देत गेलो तर तिसऱ्या पिढीत कुणी विचारणारही नाही आणि पाळणारही नाही. म्हणून मी शोधायला बसले. हाती आले ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी नावापासून सुरुवात करू. संस्कृतात आल्याला दोन नावे आहेत, 'शृंगवेर' आणि 'आर्द्रक'. आर्द्र म्हणजे ओले. आपला 'आले' हा शब्द या आर्द्रकापासूनच, प्राकृतातून घसरत आला. म्हणजे आले या शब्दाचा अर्थच मुळी 'ओले'. आणि 'सुंठ' आली 'शुंठी'वरून. ती वाळलेली. वैद्यांनी तिला आणखी मोठी नावे दिली: 'नागर', 'महौषध', 'विश्वभेषज'. विश्वभेषज म्हणजे सगळ्यांचे औषध. ओल्याला एक नाव आणि वाळल्याला दुसरे, असे आपल्या भाषेत फार थोड्या कंदांचे झाले. बटाटा वाळवला तरी वाळवलेला बटाटाच राहतो. आले वाळले की त्याचे नाव बदलते, गुण बदलतो आणि स्वयंपाकघरातली जागाही बदलते. आले भाजीच्या टोपलीत असते, सुंठ औषधाच्या डब्यात.

शृंगवेर हा शब्दही मजेदार आहे. वरवर तो 'शिंगासारखा' असा वाटतो, पण भाषेचे अभ्यासक सांगतात की तो दक्षिणेतल्या जुन्या द्राविडी शब्दावरून घडला. तमिळ-मल्याळममध्ये आजही आल्याला 'इंजी' म्हणतात आणि 'वेर' म्हणजे मूळ. तिथून तो पालीत, प्राकृतात गेला, मग जहाजात बसून ग्रीकांकडे, रोमनांकडे आणि शेवटी इंग्रजीत 'जिंजर' झाला. इतक्या लांब गेला तो मलबार किनाऱ्यावरच्या व्यापारामुळे.

आणि हा व्यापार मुख्यतः वाळलेल्या मालाचा. कारण साधे आहे, आपल्या घरचाच अनुभव आहे. ओले आले टोपलीत दोन-तीन आठवडे पडले तर एक तर मऊ पडून कुजते, नाही तर त्याला हिरवे कोंब फुटतात. महिनोन्महिने चालणाऱ्या समुद्रप्रवासात ते कसे टिकणार? सुंठ मात्र कोरडी, हलकी आणि टिकाऊ. रोमचा लेखक प्लिनी याने इ.स. ७७ च्या सुमारास आपल्या मोठ्या ग्रंथात आल्याचा भाव नोंदवला आहे: एका रोमन पौंडाला सहा दिनार. काळी मिरी तेव्हा चार दिनार होती. म्हणजे मिरीपेक्षाही हे मूळ महाग! आले हे मिरीच्या झाडाचेच मूळ असते, असा तिकडे समज होता. तो चुकीचा आहे, असेही त्याने लिहून ठेवले. पुढे तेराव्या शतकात मार्को पोलोने कोल्लमच्या आल्याची नोंद केली. इटलीच्या बाजारात त्या गावाच्या नावावरूनच आल्याची एक जात ओळखली जाई.

याउलट ओले आले समुद्रावर हवे असेल तर काय करावे लागे, ते चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता सांगतो. चिनी जहाजांवरचे खलाशी लाकडी पेट्यांत माती भरून त्यात भाजीपाला आणि आले लावत, असे त्याने लिहिले आहे. हे वाचले तेव्हा मी थांबलेच. सुंठ पोत्यात भरून नेता येते, पण आल्याला माती लागते, पाणी लागते, कारण ते जिवंत आहे. लेकीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्या जहाजावरच मिळाले.

उरलेले अर्धे आपल्या ग्रंथांत होते.

आपल्या श्वेतांबर भगिनी 'दशवैकालिक सूत्र' जाणतातच. परंपरा सांगते की आचार्य शय्यंभव दीक्षा घेऊन निघाले तेव्हा त्यांची पत्नी गरोदर होती. मुलगा मनक जाणता झाल्यावर वडिलांना शोधत आला आणि त्यांच्याजवळच साधू झाला. आचार्यांनी ज्ञानाने ओळखले की या मुलाचे आयुष्य आता सहाच महिने उरले आहे. एवढ्या थोड्या काळात तो सगळे शास्त्र कसे शिकणार? म्हणून त्यांनी त्याचे सार काढून दहा अध्यायांत बसवले. साधूने काय करावे, काय घेऊ नये, हे त्या पोराला सोपे करून सांगितले.

त्याच्या तिसऱ्या अध्यायात साधूने न घ्यायच्या वस्तूंची यादी आहे. तीत मुळा आहे, 'सिंगबेर' म्हणजे आले आहे, उसाचे कांडे आहे. आणि त्यांना जोडून एक अट आहे: जे अजून अचित्त झालेले नाही, ज्यातला जीव अजून गेलेला नाही, ते. म्हणजे आल्याच्या नावावर नुसती फुली नाही. वस्तू सचित्त आहे की अचित्त, हा तिथला प्रश्न आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्यायातही आलू, मुळा आणि आले ही नावे 'साधारण शरीर' वनस्पतींत येतात. एका शरीरात अनंत जीवांचा वास, ज्याला आपण अनंतकाय म्हणतो, ते हे.

आम्हा दिगंबरांच्या घरी श्रावकाचारासाठी आधी नाव निघते ते समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'चे. दीडशे श्लोकांचा हा छोटा ग्रंथ खास गृहस्थांसाठी आहे. त्यात भोगोपभोगाची मर्यादा सांगताना मुळा, आले, लोणी, कडुनिंबाची फुले आणि केवड्याची फुले टाकावीत असे सांगितले आहे. मी श्लोक शब्द लावून वाचला तेव्हा लक्षात आले की आचार्यांनी नुसते 'शृंगवेर' लिहिलेले नाही, त्याला 'आर्द्र' हे विशेषण जोडले आहे. ओले आले! आणि कारणही तिथेच दिले आहे: फळ थोडे, घात फार. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त अनंतकायांची यादी दिली. तिच्या सुरुवातीलाही कंदाला 'आर्द्र' हाच शब्द लावला आहे.

मैत्रिणींनो, मी हे वाचून मोबाईल खाली ठेवला आणि डोळ्यांत पाणी आले. आईला माहीत नव्हते, मला माहीत नव्हते, पण ओले आणि कोरडे हा भेद कुणा सुगरणीने चहाच्या तल्लफीपायी शोधलेली पळवाट नव्हती. तो मूळ ग्रंथातच, एका शब्दात, लिहून ठेवलेला होता.

पण म्हणून प्रश्न संपत नाही. लेकीला हे सांगितले तर ती लगेच म्हणणार, "मग बटाटा वाळवून खाऊ की!" आणि त्याहून अवघड प्रश्न असा की आले सुकवणाऱ्याच्या हातून जीव गेलेच ना? आपण फक्त ते दुसऱ्याच्या हातून करवून घेतो!

बटाट्याचे उत्तर मला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आणि माताजींच्या प्रवचनातून मिळाले, ते सांगते. सुंठ कुणी पोटभर खात नाही. चिमूटभर, औषध म्हणून घेतो. बटाटा ताटभर लागतो. 'फळ थोडे, घात फार' या तराजूत दोन्ही घाला आणि पारडे कुठे झुकते ते बघा. शिवाय अख्खे आले उन्हात तसेच वाळते. बटाटा चिरल्याशिवाय वाळत नाही, कुजतो. जिभेच्या चवीसाठी मुद्दाम चिरून वाळवणे आणि औषधासाठी वाळलेली वस्तू चिमूटभर घेणे, यांतला भाव वेगळा आहे. गंमत म्हणजे रसायनशास्त्रही याला थोडी साथ देते. आल्यातला तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते वाळताना बदलून आणखी तिखट द्रव्य तयार होते. त्यामुळे सुंठ थोडी लागते. जास्त घातली तर काढा पिववत नाही. तिला मर्यादा पाळावीच लागते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपे उत्तर नाही, कारण तो माझ्या माहेरचाच आहे. आमचे माहेर सांगली भागातले, शेतकरी जैनांचे. सांगलीची हळदीची बाजारपेठ सगळ्यांना माहीत आहे. आमच्या रानातही हळद असे. हळद काय, तीही कंदच! काढायची, शिजवायची, वाळवायची, मग तिचे हळकुंड होते आणि तेच देवघरापासून लग्नापर्यंत सगळीकडे चालते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात आल्याची मोठी शेती आहे. उन्हाळ्यात बेणे लावायचे आणि आठ-नऊ महिन्यांनी काढायचे. आमचे अण्णा म्हणायचे, "आल्याचा डोळा असलेला तुकडा मातीत टाक, उगवतो. सुंठ टाक, मातीच होते." सचित्त आणि अचित्त यांचा यापेक्षा सोपा धडा मला कुणी दिला नाही.

सुंठ कशी होते, हेही एकदा मन लावून समजून घ्या. केरळात काढलेले आले रात्रभर पाण्यात भिजवतात. मग बांबूच्या धारदार काडीने त्याची साल खरवडतात, कारण लोखंडी सुरीने ते काळे पडते. मग आठवडाभर उन्हात पसरतात. पाच किलो ओल्या आल्यापासून जेमतेम एक किलो सुंठ मिळते. ती कोचीच्या मट्टनचेरीतल्या मसाल्याच्या पेठेत येते. त्या पेठेत पिढ्यान्पिढ्या गुजराती जैन व्यापारीही आहेत आणि तिथे त्यांचे धर्मनाथ भगवंतांचे देखणे मंदिर आहे. म्हणजे हा घात आपल्यापासून फार दूर, परक्याच्या अंगणात होतो, असे म्हणायची सोय आपल्याला नाही. कुणी आपला तो पिकवतो, कुणी आपला तो विकतो.

मग काय करायचे? माझ्या आजीने ते कधीच बोलून न दाखवता केले होते. ती घरी आले आणून कधी सुकवत नसे. सुंठ कधी पावशेराच्या वर आणत नसे. तयार पूड तर नाहीच. अख्खी सुंठ, आणि लागेल तेव्हा लागेल तेवढी सहाणेवर पाणी घालून उगाळायची, चंदनासारखी. उरायला काही नाही, कीड लागायला काही नाही. आम्हाला वाटायचे म्हातारी चिकट आहे. आता कळते की आपल्यासाठी कुठे तरी घात झाला आहे, हे ती विसरत नव्हती. जे टाळता येते ते टाळायचे आणि जे टळत नाही ते कमीत कमी घ्यायचे, वाया घालवायचे नाही. गृहस्थाचे अणुव्रत याहून वेगळे काय असते?

आता काढ्याकडे येते. सुंठ, मिरी आणि पिंपळी या त्रिकुटाला आयुर्वेदात 'त्रिकटू' म्हणतात. हे नाव फार जुने आहे. आपल्या काढ्यात त्यातली पहिली दोन असतातच. दक्षिणेत यालाच गुळाची जोड देऊन, कधी कॉफी घालून 'चुक्कू कापी' करतात. चुक्कू म्हणजे सुंठ. आयंबिलाच्या ओळीत दूध-तूप-गूळ सगळे सुटते, हळदही नसते, तरी बहुतेक ठिकाणी सुंठ आणि मिरी चालतात. आणि आपल्या मराठीत तर म्हणच आहे, "सुंठीवाचून खोकला गेला." खोकला म्हटला की सुंठ हे इतके ठरलेले, की तिच्याशिवाय तो गेला तर ती नवलाची गोष्ट!

मासिकांत, मोबाईलवर येणारे 'आले-मध' आपल्याला दोन्ही बाजूंनी चालत नाही. आले अनंतकाय आणि मधही अभक्ष्य. लेकीच्या मैत्रिणीने दिलेला पेला म्हणूनच तसाच राहिला. पण २०२० साली, करोनाच्या सुरुवातीला, केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने घरोघरी घ्यायचा काढा सांगितला, त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका होते. आल्याचे नाव नव्हते. वाटल्यास गूळ घाला, असेही म्हटले होते. पुढे त्याचे प्रमाणही दिले: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. तेव्हा आमच्या गल्लीतल्या अजैन शेजारणी मला विचारायला आल्या, "वहिनी, तुमच्याकडे चांगली सुंठ असते ना?" त्या काढ्याने आजार बरा झाला असे मी म्हणणार नाही. आमच्या घरात तो आला तेव्हा उपचार दवाखान्यातच झाले. पण रात्रभर खोकलेल्या माणसाला सकाळी जो गरम घोट हवा असतो तो त्याने दिला.

आमच्या घरचा काढा असा. गाळलेले पाणी अडीच कप. त्यात सहाणेवर उगाळलेली सुंठ अर्धा चमचा, चार मिरी ठेचून, एक वेलदोडा, पाच-सहा तुळशीची पाने. मंद आचेवर दोन कप होईपर्यंत उकळा. मग दोन चमचे गूळ घालून विरघळला की उतरवा आणि फडक्यातून गाळा, म्हणजे सुंठीचा गाळ घशाला लागत नाही. दूध हवे असेल तर वेगळे गरम करून, गॅस बंद केल्यावर घाला. गुळासोबत उकळले तर फाटते. सुंठ घेताना पांढरीफेक घेऊ नका, ती बहुधा चुन्यात घोळलेली असते. मातकट, जराशी सुरकुतलेली घ्या. पावसाळ्यात मोडून आत बघा, भोके असतील तर कीड आहे, ती वापरू नका. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी बेताने घ्या आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि रात्रीभोजनत्याग असेल तर आजीसारखे सूर्यास्तापूर्वीच चूल पेटवा.

एवढे सगळे शोधून मी लेकीला फोन केला. शय्यंभव आचार्यांची गोष्ट सांगितली, समंतभद्र आचार्यांचा तो एक शब्द सांगितला, इब्न बतूताच्या जहाजावरच्या पेट्या सांगितल्या. माहेरची हळदही सांगितली. आणि जिथे माझ्याकडे पुरे उत्तर नाही, तेही सांगितले.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, हे आधीच का नाही सांगितलंस?"

"मलाच माहीत नव्हतं गं," मी म्हणाले. पहिल्या उत्तरापेक्षा हे खरे होते.

पुढच्या रविवारी मी तिला पाकीट पाठवले: दोन सुंठी, थोडी मिरी, गुळाचा खडा आणि आजीची छोटी सहाण. तिने मैत्रिणीला काढा करून दिला. मैत्रिणीने विचारले, यात आले का नाही? या वेळी तिच्याकडे सांगायला काही तरी होते.

तुमच्या घरी सुंठ कशी घेतात, काय घालतात, आणि तुमच्या लेकी-सुनांनी हा प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलेत, तेही मला सांगा. आपण एकमेकींना सांगितले तरच ते पुढे जाईल.

जय जिनेंद्र!